आडोशाचं गाणं

आई स्वयंपाकघरात एकटी असली की गुणगुणायची. भाजी निवडताना, पोळ्या लाटताना, दुपारची भांडी पुसून फडताळात लावताना. ते गाणं कुठलं हे मला कधी नीट कळलं नाही, कारण मी उंबऱ्यात पाऊल टाकलं की ते थांबायचं. "काय गं, भूक लागली का?" असं ती विचारायची, आणि तो आवाज रोजचा, आमच्यासाठीचा असायचा. मग मी आत न जाता भिंतीला टेकून बाहेरच उभी राहायला लागले. तिथून ऐकू यायचं ते अर्धंमुर्धं. शब्द सुटे सुटे, चाल मध्येच दुसऱ्या गाण्यात शिरलेली, एखादी ओळ नळाच्या धारेखाली पार बुडालेली. सूर कुठेतरी खाली उतरायचा आणि वर यायची काही घाई नसल्यासारखा तिथेच राहायचा.

आई चारचौघांत गायची नाही असं नव्हतं. हळदीकुंकवाला, गणपतीत कुणी फारच आग्रह केला की ती पदर सावरून, घसा साफ करून एखादं भावगीत म्हणायची आणि छान म्हणायची. बायका वाहवा करायच्या. पण त्या गाण्याचं तोंड ऐकणाऱ्यांकडे असायचं. स्वयंपाकघरातल्या गाण्याचं तोंड कुणाकडेच नव्हतं. आणि मला, का कोण जाणे, तेच पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटायचं.

आपल्याकडे कान तयार होतो तो सुरावर. घरात कुणी गायला लागलं की पहिला शेरा गळ्याबद्दलच येतो. गळा फिरतो, आवाज चढत नाही, दम पुरत नाही, सूर जरा उतरलाच. मीही असाच कान घेऊन वाढले आणि त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण ह्या तयार कानाला एक सवय लागते. गाणारा कुठे चुकला हे तो इतक्या पटकन टिपतो, की चुकला त्या जागी त्याला काय झालं होतं, हे ऐकायचं राहून जातं. ते ऐकायला मला फार लांबच्या, भलत्याच मुलखातल्या काही आवाजांनी शिकवलं.

त्यांतला पहिला आवाज कॉनी कॉन्व्हर्सचा. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात १९२४ साली जन्मलेली ही बाप्टिस्ट घरातली अतिशय हुशार मुलगी कॉलेज अर्ध्यावर सोडून न्यूयॉर्कला आली, छापखान्यात नोकरी करू लागली आणि संध्याकाळी खोलीवर गिटार घेऊन स्वतःची गाणी लिहू लागली. तो १९५०च्या दशकाचा सुरुवातीचा काळ. तेव्हा तिकडे लोकगीत म्हणजे पिढीजात चालत आलेलं, कुणीतरी गोळा केलेलं गाणं. आपल्या एकटीच्या आयुष्याबद्दल आपणच लिहायचं आणि आपणच गिटारवर म्हणायचं, ही रीत अजून रुळलेली नव्हती. जीन डाइच हा कार्टूनपट करणारा गृहस्थ हौसेने घरी टेपरेकॉर्डर बाळगून होता. १९५४च्या सुमारास त्याने आपल्या घरी तिला बसवून तिची गाणी टेप करून घेतली. त्याच वर्षी ती टेलिव्हिजनवरच्या एका सकाळच्या कार्यक्रमातही दिसली. पण पुढे काही घडलं नाही. १९६१च्या जानेवारीत ती न्यूयॉर्क सोडून मिशिगनमधल्या ॲन आर्बरला भावाच्या गावी निघून गेली. गीतकार-गायक बॉब डिलन न्यूयॉर्कमध्ये आला तो ह्याच महिन्यात.

तिचं एक गाणं आहे, दोन उंच डोंगरांमधल्या एका जागेबद्दल. लोक त्या जागेला एकाकी म्हणतात, आणि गाणारीचं म्हणणं असं की तिला तर तिथे कधीच एकटं वाटत नाही. कारण काय, तर दारातला ओढा सोडून गेलेल्या माणसासारखाच अखंड बडबडतो. झाडावरची खार दोघांच्या भांडणासारखी कचकच करते. अंगणातली डुकरं त्याच्यासारखीच बरोबर जेवणाच्या वेळी हजर होतात. ऐकताना हसू येतं. गाण्याची ठेवणच खेळकर आहे, यमकं नेमकी, गिटारची बोटं चपळ. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणारी एकदाही एकटेपणा मान्य करत नाही. अख्खं गाणं तो नाकारण्यात जातं. एवढीशी गोष्ट नाकारायला तिला डोंगर, ओढा, खार, डुकरं असा सगळा संसार गोळा करावा लागतो, ह्यातच काय ते आलं.

आणि तो आवाज. पातळ, स्वच्छ उच्चारांचा, वर गेल्यावर किंचित थरथरणारा. त्यात कमावलेपण नाही आणि गावरान ठसकाही नाही. गळ्याची परीक्षा घेणाऱ्याला त्यात सांगण्यासारखं फारसं सापडणार नाही. ती दुःख 'लावत' नाही. म्हणजे दुःखाच्या जागी आवाज जड करणं, श्वास सोडणं, शब्द ओढणं, ह्यांतलं काहीच नाही. शब्द इतके नीटनेटके, की त्यांच्या आड बाई पुरती झाकलेली राहावी, आणि आवाज मात्र इतका उघडा, की तो काही लपवू शकत नाही. शब्द एक सांगतात आणि गळा दुसरंच सांगतो. ह्या दोहोंच्या फटीतून जे येतं, त्यासाठी मी ते गाणं ऐकते.

मन मोकळं करणं म्हणजे सगळं सांगून टाकणं, असा एक समज हल्ली फार पसरला आहे. मला तो पटत नाही. ज्या गाण्यांनी मला आतून हलवलं, त्यांत सांगून टाकलेलं फार थोडं होतं. उलट प्रत्येक गाण्याला कसला ना कसला आडोसा होता, आणि त्या आडोशामुळेच माणूस उघडा होऊ शकला होता. कॉन्व्हर्सला यमकांचा आणि विनोदाचा आडोसा. माझ्या आईला नळाचा, भांड्यांचा, कामाचा. कुणी विचारलंच तर सांगता येतं, छे, मी कुठे गात होते, मी तर भाजी निवडत होते.

आणि ही तजवीज आपल्या बायकांनी फार पूर्वीपासून करून ठेवली आहे. जात्यावरची ओवी म्हणजे दुसरं काय! पहाटेचा अंधार, घरातले बाकीचे झोपलेले, दोघी समोरासमोर बसून खुंटा धरलेला किंवा एकटीच असली तर एकटीच. एका हाताने ओढायचं, दुसऱ्या हाताने मूठभर दाणे जात्याच्या तोंडात सोडायचे. ओवीची चाल तीनचार सुरांत फिरते, त्यापलीकडे जायची तिला गरज नसते. ताल जात्याचा, लय दंडातल्या जोराची. ओढताना श्वास तुटतो तिथे ओळ तुटते, मध्ये 'बाई' किंवा 'गं' असं काहीतरी येऊन श्वासाला टेकू देतं आणि ओळ पुढे सरकते. कंठ सुरेल हवा अशी अट नाही. घरघरीत अर्धा आवाज विरूनच जातो. आणि ह्या घरघरीच्या आडून बाई काय काय बोलून जाते! सासूचा जाच, माहेरची वाट, न आलेला भाऊ, नवऱ्याचा उगारलेला हात, पोटच्या पोरीला उजवून दिल्यावरचं रिकामं घर. स्वतःचं म्हणून सांगायचा धीर झाला नाही तर सीतेचं म्हणून सांगायचं. सीतेच्या वनवासाच्या ओव्या उभ्या महाराष्ट्रात आहेत. प्रत्येक गावातल्या बाईने त्या वनवासात आपल्या वाटणीची चार पावलं चालून घेतली आहेत.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्या दोघांनी मुळशी-मावळच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून, सहकाऱ्यांच्या साथीने, ह्या ओव्यांचा जो संग्रह केला, तो एक लाखाच्या वर गेला. एक हजाराहून जास्त गावं आणि तीन हजारांहून जास्त बायका. त्यांतल्या काहींचे आवाज १९९०च्या दशकात ध्वनिमुद्रित झाले आणि आता 'परी' ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहात ते कुणालाही ऐकता येतात. मी ते ऐकते तेव्हा मला आधी आवाज ऐकू येतात, ओव्या नंतर. कुणाचा घोगरा, कुणाचा फाटलेला, कुणाचा वयाने कापरा झालेला, कुणी वरचा सूर लागत नाही म्हणून सरळ बोलण्यात उतरलेली. एकजण गाते आणि दुसरी शेवटचा शब्द उचलते, आणि दोघींचे सूर एकमेकींच्या जवळून जातात पण नेमके एका जागी बसत नाहीत. तो फरक बुजवावा असं दोघींनाही वाटत नाही. मलाही वाटत नाही. त्या फरकाएवढी जागा आहे म्हणून तर त्या दोघी आहेत हे कळतं.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. कितीतरी घरांत आता ती लग्नाच्या हळदीपुरतीच बाहेर निघतात. गिरणीने बायकांच्या दंडांचे कष्ट वाचवले, ते वाचायलाच हवे होते. पहाटे उठून दळणारीला त्या कष्टांचं कौतुक नव्हतं, आणि आपण ते दुरून करू नये. पण कष्टांबरोबर आडोसाही गेला. ज्या बाईला जात्याशिवाय ओवी आठवत नाही, असं आपण सहज म्हणतो, तिची स्मरणशक्ती गेलेली नसते. तिला बोलायची जी जागा होती, ती उरलेली नसते.

आवाज लहान ठेवून गाता येणं, ही तशी अलीकडचीच सोय. मायक्रोफोन नव्हता तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असाच आवाज लावावा लागे. आपली संगीत नाटकं त्या ताकदीवर उभी राहिली. माइक आला आणि गाणं कानाशी आलं. आपल्या भावगीताला तो हळुवारपणा परवडला तो बऱ्याच अंशी त्यामुळेच. पण माइकसमोरही माणूस असतो, काचेपलीकडे रेकॉर्ड करणारा असतो, वादक असतात, घड्याळ असतं. दुसऱ्या महायुद्धानंतर घरगुती टेपरेकॉर्डर निघाला तेव्हा गाणाऱ्याला एक निराळाच श्रोता मिळाला. त्याला चेहरा नव्हता. तो वाहवा करत नव्हता, भुवई उंचावत नव्हता, आणि तो खोलीत आला म्हणून गुणगुणणं थांबत नव्हतं.

जर्मनीत सिबिले बायर नावाच्या तरुणीने १९७० ते १९७३ ह्या काळात अशाच एका टेपवर घरच्या घरी आपली गाणी म्हणून ठेवली. विम वेंडर्सच्या एका चित्रपटात ती छोट्या भूमिकेत दिसते, म्हणजे कलेच्या जगाचं दार तिला बंद नव्हतं. तिनेच ते ओढून घेतलं आणि ती संसारात रमली. पुढे कितीतरी वर्षांनी तिच्या मुलाने घरच्यांना भेट म्हणून त्या टेपांवरून एक सीडी तयार केली. ती हातोहाती फिरत एका छोट्या रेकॉर्ड कंपनीपर्यंत गेली आणि २००६ साली 'कलर ग्रीन' नावाने बाहेर आली.

त्यातल्या एका गाण्यात काय आहे, तर बाई कामावरून घरी येते आणि तिच्या स्वयंपाकघरात तो अनपेक्षितपणे बसलेला असतो. पावाला लोणी लावत. मांडीवर मांजर. एवढंच मी सांगते, कारण मला तिथेच थांबावंसं वाटतं. सिबिले हे जवळजवळ बोलल्यासारखं म्हणते. आवाज खालचा, ओठ माइकच्या फार जवळ, शब्दांना कुठे उठाव नाही. कुणी शेजारच्या खोलीत झोपलं आहे आणि त्याला उठवायचं नाही, असा तो स्वर. प्रेम, दिलासा असला एकही मोठा शब्द तोवर आलेला नसतो. पाव, लोणी, मांजर. पण दमून आलेल्या माणसाला घरात दिवा लागलेला दिसावा आणि आत कुणीतरी असावं, ह्याचं जे सुख आहे ते त्या खालच्या सपाट सुरात असं काही उतरलं आहे, की सूर जरा जरी सजवला असता तरी ते उडून गेलं असतं.

इंग्लंडातल्या मॉली ड्रेकची गोष्ट काहीशी ह्याच वाटेची. तिचा जन्म रंगूनचा, १९१५चा. युद्धात ब्रह्मदेश पडला तेव्हा ती दिल्लीत येऊन राहिली आणि तिथे बहिणीबरोबर आकाशवाणीवर गायलीही. पण तिची स्वतःची गाणी मात्र तिने इंग्लंडात परतल्यावर घरच्या पियानोवर, घरापुरतीच म्हटली, आणि नवऱ्याने ती १९५०च्या दशकात टेप करून ठेवली. एका गाण्यात जोडप्याची एकच सहल आहे आणि दोघांच्या आठवणी मात्र दोन. तिच्या मनात राहिलं ते सुख आणि त्याच्या मनात राहिली ती गैरसोय. लग्नाच्या माणसाबद्दल इतकं अवघड सत्य त्याच घरात, तोच माणूस टेप चालवत असताना बोलायचं, तर चाल अशीच हलकी, शिष्टाचाराची हवी. तिचा मुलगा निक ड्रेक. तीन अल्बम करून १९७४ साली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेला. त्याचा 'पिंक मून' हा १९७२चा शेवटचा अल्बम दोन रात्रींत मुद्रित झाला. त्यात तो, त्याची गिटार आणि एका गाण्यात थोडासा पियानो, एवढंच आहे. आईची गाणी जगापुढे आली ती त्याच्यानंतर कितीतरी वर्षांनी. ती ऐकल्यावर कळलं की मुलाचा तो दबका, भिंतीकडे बघत गायल्यासारखा सूर घरातूनच आला होता. मुलं भिंतीआडून ऐकतच असतात.

सगळ्यांनाच असा आडोसा आपणहून मिळत नाही. कॅरन डाल्टनचा आवाज चिरलेला, शब्दाच्या मध्येच फुटणारा. तो न्यूयॉर्कमध्ये सुरुवातीला जिथे गात असे, तिथल्या गाणाऱ्यांत ती आपली सर्वांत आवडती होती, असं डिलनने आपल्या आठवणींत म्हटलं आहे. पण तिला रेकॉर्डिंगचं वावडं. असं सांगतात की १९६९चा तिचा पहिला अल्बम तिला टेप चालू आहे हे कळू न देता मुद्रित केला गेला. मला ही हकीकत ऐकून आनंद होत नाही. ते गाणं आपल्यापर्यंत आलं ह्याचा होतो, पण ती ज्या विश्वासाने गायली तो कुणीतरी वापरला, हेही त्याच गाण्यात कायमचं राहिलं. व्हॅश्टी बनियनच्या बाबतीत उलट झालं. कुजबुजीएवढ्या आवाजात गाणारी ही इंग्रज मुलगी घोडागाडीतून स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाली, वाटेत गाणी केली, आणि १९७० साली त्यांचा अल्बम निघाला तेव्हा त्याची कुणी दखल घेतली नाही. तिने गिटार ठेवून दिली. पुढचा अल्बम आला २००५ साली. मधली बहुतेक वर्षं ती गायचीच थांबली होती. कुणी खोलीत यायचीसुद्धा गरज नसते. कुणीच आलं नाही तरी गाणं थांबू शकतं.

गाणं थांबण्याचा विषय निघाला की मला कुमार गंधर्व आठवल्याशिवाय राहत नाहीत. क्षयाने एक फुफ्फुस निकामी केलं, कितीतरी वर्षं गाणं बंद, देवासच्या घरात अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची लोकगीतं कानांवर पडत राहिली. पुन्हा गायला लागले ते लहान लहान श्वासांनी, तुटक, झडप घालून सोडून देणाऱ्या स्वरांनी. त्यांची विद्या, त्यांचा अधिकार ह्या घरगुती गाणाऱ्यांशी ताडून बघायचा प्रश्नच नाही, तो पर्वत वेगळाच. पण श्वास अपुरा आहे हे त्यांनी लपवलं नाही, त्या अपुरेपणातून गाण्याचा आकार घडवला. निर्गुणी भजनात ते एखाद्या शब्दावर एकाएकी थांबतात तेव्हा ती शांतता फुफ्फुसाची आहे की कबिराची, हे मला सांगता येत नाही.

आणि मग डॅनियल जॉन्स्टन. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात वाढलेला, मनाच्या गंभीर आजाराशी आयुष्यभर झगडलेला, २०१९ साली गेलेला. त्याचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या तयार कानाने ते अर्ध्या मिनिटात बंद करायला लावलं. आवाज न फुटलेल्या पोरासारखा चिरका, सूर एका जागी ठरत नाही, साथीला खेळण्यातलं वाटावं असं हवेचं छोटं ऑर्गन, आणि सगळ्यावर स्वस्तातल्या कॅसेट-रेकॉर्डरची खरखर. पुन्हा लावलं ते केवळ एका गोष्टीमुळे. त्याच्याकडे कॅसेटच्या प्रती काढायचं साधन नव्हतं. त्यामुळे कुणाला आपली गाणी द्यायची झाली की तो रेकॉर्डरसमोर बसून ती सगळीच्या सगळी पुन्हा गायचा. प्रत्येक माणसासाठी नव्याने. पुढे टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात एका उपाहारगृहात साफसफाई करताना तो अशा कॅसेटी भेटेल त्याला देत असे. हे कळल्यावर मी तो चिरका आवाज वेगळ्या तऱ्हेने ऐकू लागले. एका मुलीवरचं न फळलेलं प्रेम, भीती, देव, सैतान, एकटेपणा, हे सगळं त्याने एखाद्या सभागृहाला सांगितलेलं नव्हतं. दर वेळी कुणा एकालाच सांगितलं होतं, आणि दर वेळी सांगण्याची किंमत पुन्हा नव्याने मोजली होती.

त्याला मात्र आडोसा नव्हता, असं मला बराच काळ वाटत असे. यमकं बाळबोध, शब्द उघडेवाघडे, विनोद असला तरी लगेच कोसळणारा. आता वाटतं, तो बेसूर हाच त्याचा आडोसा असेल. ज्याला गाता येत नाही असं जग आधीच ठरवून मोकळं झालं आहे, त्याला गाताना सावरून बसावं लागत नाही. तो सरळ आत जाऊ शकतो. तरी माझं हे म्हणणं सगळं खरं नसेल, कारण त्याच्या आवाजात मला कधी कधी चांगलं गायची जिवापाड धडपडही ऐकू येते. सूर गाठायला तो पंजांवर उभा राहतो. तो सूर हुकतो, आणि ते हुकणं त्यालाही ऐकू आलेलं असतं.

कॉन्व्हर्सकडे मी परत परत जाते त्याला आणखी एक कारण आहे. ॲन आर्बरला ती आधी कचेरीत, मग एका विद्वत्तापूर्ण नियतकालिकाच्या संपादनाच्या कामात गढली. संघर्ष कसे मिटतात ह्याचा अभ्यास करणारं ते नियतकालिक. गाणं हळूहळू सुटत गेलं. १९७४च्या ऑगस्टमध्ये, वयाची पन्नास वर्षं झाल्यावर, तिने घरच्यांना आणि मित्रमंडळींना पत्रं लिहिली, आपली फोक्सवॅगन काढली आणि ती निघून गेली. त्यानंतर तिचं काय झालं हे कुणालाही कळलेलं नाही. २००४ साली ऐंशीच्या घरातल्या डाइचने न्यूयॉर्कच्या एका रेडिओ कार्यक्रमात तिचं एक जुनं गाणं लावलं. ते ऐकणाऱ्या एका तरुणाच्या मनातून ते गेलं नाही, आणि २००९ साली तिचा अल्बम निघाला. गायल्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने.

जाताना लिहिलेल्या कागदांत एक पत्र असं आहे, ज्यावर कुणाचं नाव नाही. कधी कुणी विचारलंच, तर त्याच्यासाठी ते आहे. हॉवर्ड फिशमन ह्यांनी २०२३ साली तिचं चरित्र लिहिलं, त्याला नाव त्या मायन्यावरूनच दिलं. आणि पत्रात मागणं काय, तर मला जाऊ द्या. पण ह्याच बाईने आपली गाणी, टेप, पत्रव्यवहार हे सगळं नीट लावून, फायलींच्या एका कपाटात भावाकडे ठेवून दिलं होतं. ज्याला खरोखर पुसून जायचं असतं तो कागद लावत बसत नाही. आणि ज्याला सापडायचं असतं तो असा निघून जात नाही. ह्यांतलं कुठलं एक खरं धरावं, हे मला ठरवता आलेलं नाही.

तिने जाऊ द्या म्हणून सांगितलं, ते मुद्दाम विचारणाऱ्यालाच सांगितलं. न विचारणारे तिला आधीच जाऊ देऊन बसले होते. मी विचारणाऱ्यांपैकी आहे. घरात कुणी नसताना ती गाणी लावते, आणि मग ज्या मैत्रिणीला ती पोचतील असं वाटतं तिला त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. दोन्ही करताना थोडा संकोच वाटतो. भिंतीआड उभं राहून ऐकणाऱ्याने गाणारीला आपण इथे आहोत हे कधी सांगावं का, की सांगूच नये, हे तिच्या पत्रावरून कळत नाही. गाण्यांवरून कधी कधी कळल्यासारखं वाटतं, आणि पुढच्याच गाण्याला ते पुन्हा सुटतं.